तिसऱ्यांचा पांढरा रस्सा

गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर पावसाला दोन वाटा फुटतात. कड्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी कोकणात कोसळतं आणि लगोलग अरबी समुद्र गाठतं. हातभर पूर्वेला पडलेला थेंब मात्र कुंभीत उतरतो, कुंभीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि सगळं दख्खन ओलांडून पार बंगालच्या उपसागराला जातो. रत्नागिरीचा किनारा आंबा घाटानं दीडशे किलोमीटरच्या आत, तरी आमची नदी निघते ती दूरच्या समुद्राच्या ओढीनं. कोल्हापूरच्या पाण्यानं जवळच्या समुद्राकडे पाठ केली आहे. चुलीनं मात्र ती कधी केली नाही, आणि हे मला उमगलं ते तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, शिजवताना.

या गावाचं समुद्राशी नातं जुनं आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातली भरलेली वस्ती उजेडात आणली. त्याच सुमारास या टेकडीत काशाच्या वस्तूंचा एक साठा सापडला. त्यात पोसायडनची छोटीशी मूर्ती होती. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. रोमशी व्यापार चालायचा त्या काळात तो कोकणातल्या कुठल्या तरी बंदरात उतरला असावा, आणि बैलाच्या पाठीवरच्या गोणीतून घाट चढून इथवर आला असावा. आज तो टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. शाळेतल्या मुलांना घेऊन लोक जातात, तेव्हा मुलं हत्तीवर बसलेल्या माणसांच्या काशाच्या शिल्पापाशी जास्त रेंगाळतात. मी पोसायडनपाशी थांबते. अंबाबाईच्या गावात एवढी शतकं मातीखाली राहूनही त्याचा डौल गेलेला नाही.

तो ज्या वाटांनी आला असेल, त्या वाटांनी पुढं खूप काही आलं. आंबा, अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा ही घाटांची नावं आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांइतकी ऐकलेली. राजापूरच्या बंदरातून अणुस्कुऱ्याच्या वाटेनं लमाणांचे तांडे वर यायचे. मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढायची. गूळ, धान्य, मिरची खाली उतरायची. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, आणि तीही मिरजेकडून, म्हणजे समुद्राच्या उलट दिशेनं. समुद्राकडचं जे काही इथं आलं, ते घाटाच्या चढावर घाम गाळूनच आलं.

आमच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाकडे मी या नजरेनं बघते. कोल्हापूरची ओळख म्हणून जगभर मिरवणारी ही जोडी. मटण मीठ, आलं-लसूण लावून शिजवायचं, त्याचं अळणी पाणी बाजूला काढायचं आणि त्या एकाच पाण्याचे दोन रस्से करायचे. तांबड्यात मिरचीचा जाळ, पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, आणि तिखटपणाला पांढरी मिरी. आता यातलं एकेक उचलून विचारा, बाबा तू कुठला? मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी इकडे आली. काजू ब्राझीलहून त्यांनीच आणला आणि मग तो गोव्यातून, कोकणातून वर सरकत आमच्या आजरा-चंदगडच्या लाल मातीत रुजला. नारळ कोकणचा, कर्नाटकाचा. ज्याला आम्ही अस्सल घाटावरचं म्हणतो, त्या ताटातला तांबडा रंग समुद्र ओलांडून आला आणि पांढरा रंग घाट चढून आला. तीळ आणि मटण तेवढं इथलं. हे कळल्यावर माझा कोल्हापूरबद्दलचा अभिमान वाढला. एवढ्या दुरून आलेल्या वस्तूंना ज्या मातीनं आपला स्वभाव दिला, त्या मातीत ताकद असली पाहिजे.

तिसऱ्या मात्र या घराण्यात उशिरा आल्या. नारळ महिनाभर टिकतो, मीठ वर्षानुवर्षं. तिसरी जिवंत असेपर्यंतच तिसरी. पूर्वी ती घाटाच्या पायथ्याशीच अडायची. रात्रीत घाट चढणाऱ्या गाड्या आणि बर्फ आल्यावर ती आमच्या मासळीबाजारात दिसू लागली. आजही रोज मिळत नाही. पाटीत ओल्या गोणपाटाखाली काळपट-तपकिरी शिंपल्यांचा ढीग दिसला, की मी बाकीची पिशवी तशीच ठेवून आधी तिथं जाते. मावशी वाट्यावर विकते. एखादी शिंप किंचित उघडी दिसली तर तिला बोटानं टिचकी मारायची. मिटली तर घ्यायची. मिटली नाही तर ती गेली.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांचं माहेर भाट्याकडे, काजळी नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या काठी. तिथं भरती-ओहोटीचं गणित घड्याळावर नाही, तिथीवर चालतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फारसं ओसरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, आणि उधाणाच्या ओहोटीला खाडीचा तळ लांबवर उघडा पडतो. तेव्हा बायका लुगड्याचा काचा मारून चिखलात उतरतात. हात आणि पावलं हेच त्यांचे डोळे. तळव्याला काही टणक लागलं की वाकायचं, बोटं चिखलात खुपसायची आणि तिसरी उचलून टोपलीत टाकायची. कंबर मोडेपर्यंत वाकायचं आणि पाणी वळायच्या आत परत फिरायचं. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी खाडीत लोटतं, तेव्हा हे काम थांबतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की पुन्हा हळूहळू सुरू होतं. सासूबाई हे सांगत तेव्हा त्यांचा हात नकळत वाकून काही तरी उचलल्यासारखा व्हायचा.

तिसरी पाणी गाळून जगते. एका नळीनं पाणी आत घेते, त्यातलं सूक्ष्म अन्न ठेवून घेते आणि दुसऱ्या नळीनं पाणी बाहेर सोडते. आयुष्यभर तिचं एवढंच काम. त्यामुळे ती ज्या खाडीत वाढली, ती खाडी तिच्या अंगात असते, चांगली असो की वाईट. शिंपल्यावर एकाभोवती एक वळणं असतात, ती तिच्या वाढीची. दोन शिंपांच्या सांध्यावर एक लवचीक पट्टी असते. ती दोन्ही दारं सतत उघडू बघते, आणि आतले दोन स्नायू ती ओढून धरतात. मिटून राहणं हाच तिच्या जिवंत असण्याचा श्रम. आचेवर स्नायूंची पकड सुटते आणि दारं उघडतात. जी शिजूनही उघडत नाही, ती बाजूला काढून टाकायची. सासूबाईंना यातलं शरीरशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण नियम हाच होता.

तिसऱ्या घरी आणल्या की चार-पाच पाण्यांतून चोळून धुवायच्या, मग मिठाच्या पाण्यात ठेवायच्या. समुद्र परत आला असं वाटून त्या दारं किलकिली करतात आणि पोटातली वाळू सोडतात. मग एक तर विळीवर उघडून मांसाची शिंप ठेवायची आणि रिकामी टाकायची, तसंच तिसऱ्यांचं एकशिपी करतात. नाही तर थोड्या पाण्यात झाकण ठेवून वाफेवर उघडायच्या. दोन्हीत एक गोष्ट सारखी. उघडताना त्या जे पाणी सोडतात, राखी, गढूळसं, खारट, ते एक थेंबही वाया घालवायचं नाही. नवी सून म्हणून मी पहिल्यांदा पातेलं हातात घेतलं, तेव्हा सासूबाई पाठीमागून म्हणाल्या होत्या, "अगं, ते पाणी ओतू नको हो. तिसरी काय, रबरासारखी असते. चव सगळी त्या पाण्यात." फडक्यातून गाळून घेतलं की खाली वाळू राहते आणि वर राहते खाडी.

एका हिवाळ्यात भाची बॉस्टनहून आली होती. ओट्यावर तिसऱ्या बघून ती हरखली. "मामी, तिकडं याचं चावडर करतात. दुधात. बटाटा, कांदा, वर साय. थंडीत असं बरं वाटतं!" न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा हा पदार्थ तिनं भरभरून सांगितला. जाड शिंपल्यांच्या तिथल्या तिसऱ्या, खारवलेल्या डुकराच्या चरबीत परतलेला कांदा, शिंपल्यांचं राखून ठेवलेलं पाणी, बटाट्याच्या फोडी आणि शेवटी दूध व साय. "आपण करू या. दूध तर कोल्हापुरात आहेच."

दूध तर आहेच, यात काय शंका. या गावात संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात. जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६३ मध्ये उभा राहिला आणि गोकुळचं नाव महाराष्ट्रभर झालं. इथं पाहुण्याला पाण्याआधी दूध विचारतात. पण सासूबाईंचा चेहरा बदलला. "दूध नि मासळी एका वाडग्यात? तसं नसतं करायचं."

त्यांच्या या एका वाक्यामागं दोन हजार वर्षांची परंपरा उभी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सव्विसाव्या अध्यायात, विरुद्ध आहाराची चर्चा आहे, आणि त्यात पहिलं मोठं उदाहरण दूध आणि मासे यांचं. दोन्ही मधुर, पण दूध शीत आणि मासे उष्ण. म्हणून ती जोडी वर्ज्य. तिथं भद्रकाप्य नावाचे ऋषी म्हणतात, चिलिचिम हा एक मासा सोडून बाकीचे दुधाबरोबर चालतील. आत्रेय ते खोडून काढतात. म्हणजे हा वाद तेव्हाही एका बाजूनं संपलेला नव्हता. विचारणारे होते, उत्तर देणारे होते. आमच्या ओट्यापाशी तोच वाद पुन्हा उभा राहिला. भाचीच्या बाजूनं अख्खा एक किनारा होता, जिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे खाऊन धडधाकट आहेत. सासूबाईंच्या बाजूनं त्यांची आई, आजी, पणजी होत्या. मला दोघींचा आदर राखायचा होता.

नंतर मी या चावडरचं मूळ शोधत गेले आणि एक सुंदर गोष्ट हाती लागली. १७५१ मध्ये बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात छापलेली चावडरची जुनी कृती आहे. त्यात मासे, कांदा, डुकराचं मांस आणि बिस्किटं आहेत, दूध नाही. हर्मन मेलव्हिलच्या १८५१ च्या 'मोबी डिक' मध्ये तर एक अख्खं प्रकरण चावडरचं आहे. नॅनटकेट बेटावरच्या खाणावळीत इश्माएल आणि क्वीक्वेग गारठून येतात आणि वाफाळता वाडगा समोर येतो. त्यात लहान रसरशीत शिंपले, कुटलेली जहाजी बिस्किटं, खारवलेलं डुकराचं मांस, लोणी, मिरी आहे. दूध तिथंही नाही. हे जहाजावरचं जेवण. खलाशांकडे महिनोन्‌महिने टिकणारी टणक बिस्किटं असायची, तीच कुटून रस्सा दाट करायचे. दूध त्यात मिसळलं पुढं, हा पदार्थ किनाऱ्यावर स्थिरावला आणि गोठ्याशेजारी राहू लागला तेव्हा. समुद्राचं अन्न जमिनीवर आलं आणि त्या जमिनीनं आपल्याकडचं सगळ्यात मायेचं पांढरं त्यात ओतलं. न्यू इंग्लंडच्या जमिनीकडे गाईचं दूध होतं. आमच्या रश्शाकडे नारळाचं आहे.

त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी मिळून जे केलं, ते आता आमच्या घरचंच झालं आहे. दोन वाटे तिसऱ्या वाफेवर उघडून पाणी गाळून घेतलं. नारळ खवून, कोमट पाण्यात वाटून पहिलं दाट दूध वाटीभर काढलं आणि दुसरं पातळ वेगळं ठेवलं. भिजवलेली खसखस, तीळ आणि आठ-दहा काजू गंधासारखे मऊ वाटले. तेलात तमालपत्र, दालचिनी, दोन लवंगा, मग बारीक चिरलेला कांदा. तो गुलाबी होऊ द्यायचा नाही. पारदर्शक झाला की थांबायचं, नाही तर पांढऱ्याला डाग लागतो. हळद तर नाहीच. मग आलं-लसूण, वाटण, बटाट्याच्या लहान फोडी, तिसऱ्यांचं पाणी आणि नारळाचं पातळ दूध. बटाटा शिजताना आपलं पीठ रश्शात सोडतो आणि रस्सा अंगानं भरतो. मीठ शेवटपर्यंत घालायचं नाही. खाडीनं ते आधीच घातलेलं असतं. पांढरी मिरी जाडसर कुटून. शेवटी तिसऱ्या, आणि त्यावर दाट दूध.

इथं सगळं कसब आहे. नारळाच्या दुधात स्निग्धांशाचे बारीक थेंब प्रथिनांच्या आधारानं पाण्यात तरंगत असतात. आच वाढली की तो आधार ढळतो, तेल वर येतं आणि दूध फुटतं. तिसऱ्याही उकळत राहिल्या की आक्रसून चिवट होतात. म्हणून दाट दूध घातल्यावर गॅस अगदी बारीक. पळी एकाच दिशेनं फिरवायची, कडेला पहिली वाफ दिसली की बंद. भाची अधीर झाली होती, तिला उकळी हवी होती. सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि पळीचा वेग आपल्या वेगाला आणला. घाई करणाऱ्याच्या हातून पांढरा रस्सा कधी होत नाही, मटणाचा असो की तिसऱ्यांचा.

चव कशी होती? आधी नारळाची गोडी येते, मग खसखशीची मऊ दाट साय, आणि ती गिळेपर्यंत मागून खाडी येते: लोखंडासारखा, ओल्या दगडासारखा एक खारटपणा, जो कुठल्याही मिठाला जमत नाही. मिरी घशात उशिरा पेटते. तिकडं वाडग्यावर छोटी बिस्किटं टाकतात. आम्ही ज्वारीची भाकरी कुस्करली. जहाजावरच्या बिस्किटांचं काम भाकरीनं तितक्याच इमानानं केलं. सासूबाईंनी वाडगा दोन्ही हातांत धरून तोंडाला लावला, आमच्याकडे पांढरा रस्सा पितात तसा, आणि खाली ठेवताना म्हणाल्या, "माहेरची चव आहे हो, पण घाटावरच्या घरात नांदलेली." एवढं नेमकं मला कधीच सांगता आलं नसतं.

अमेरिकेत चावडरचेही दोन रंग आहेत. न्यू इंग्लंडचं पांढरं, दुधाचं. न्यू यॉर्ककडचं तांबडं, टोमॅटोचं. पांढऱ्याचा अभिमान तिथं इतका, की १९३९ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळात एका सदस्यानं चावडरमध्ये टोमॅटो घालणं बेकायदा ठरवणारं विधेयक मांडलं होतं. आपल्या चवीवर माणसं किती जिवापाड प्रेम करतात, हे त्यातून दिसतं, आणि त्या प्रेमाची मला कदर आहे. तरी ते वाचताना मला माझ्या गावाचं ताट आठवलं. एकाच अळणी पाण्याची दोन लेकरं, तांबडा आणि पांढरा, शेजारी शेजारी दोन वाट्यांत. आधी तांबड्याचा घोट, जिभेवर जाळ उठला की पांढऱ्याचा, मग पुन्हा तांबड्याकडे. निवड करायचा प्रश्नच इथं कुणी विचारत नाही. आता तिसऱ्या आणल्या की मीही दोन्ही करते. राखलेलं पाणी दोन भागांत वाटते. एकात संकेश्वरी मिरची आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, दुसऱ्यात नारळाचं दूध. पाणी एक असल्यामुळे दोन्ही वाट्या एकमेकींना ओळखतात.

भाची परत गेली आणि तिनं तिथल्या जाड शिंपल्यांच्या तिसऱ्या नारळाच्या दुधात केल्या. काजू-खसखशीचं वाटण लावून, फोनवर सासूबाईंना एकेक पायरी विचारत. न्यू इंग्लंडच्या खाडीतलं पाणी कोल्हापूरच्या पांढऱ्यात गेलं. तिच्या मैत्रिणींनी पुन्हा मागून घेतलं, असं ती सांगत होती, आणि सासूबाई फोन कानाला घट्ट धरून ऐकत होत्या.

परकी वस्तू आपली कशी होते, याचं उत्तर मला या पातेल्यात मिळालं. तिला तिचं पाणी राखू द्यायचं. ते गढूळ दिसतं, खारट लागतं, ओतून दिलं तर रस्सा दिसायला स्वच्छ होईल आणि चवीला पोकळ. आणि मग आपल्याकडचं जे सगळ्यात चांगलं पांढरं असेल ते तिला मंद आचेवर, हात आखडता न घेता द्यायचं. फक्त पहिलं केलं तर ती वस्तू परकीच राहते. फक्त दुसरं केलं तर ती हरवते. काजूचं, मिरचीचं, नारळाचं कोल्हापुरानं असंच केलं. बाहेरगावाहून इथं नांदायला आलेल्या बायकांचंही जिथं असं झालं, तिथं घरं सुखाची झाली. सासूबाईंनी साठ वर्षं घाटावर काढली, पण बोलण्यातला 'हो' काही त्यांनी सोडला नाही, आणि या घरानंही त्यांना तो सोडायला लावला नाही.

थंडी पडली की बाजारात लवकर जा. ओल्या गोणपाटाखाली हात घाला, टिचकी मारून बघा, वाटा घ्या. घरात कुणी खाडीकाठची बाई असेल तर तिला ओट्यापाशी बसवा आणि ती सांगेल तसं करा. एक नारळ, मूठभर काजू, थोडी खसखस. पाणी राखा, आच मंद ठेवा, आणि पंगतीत एक वाटी जास्त मांडा, कारण वास शेजारच्या घरापर्यंत नक्की जातो.